स्टँडपासून स्टँडपर्यंत

क्रिकेट मॅचच्या तिकिटावर ठिकाण 'पुणे' असं छापलेलं असतं. एफ.ई.च्या नवीन मंडळींनो, त्यावर फार विसंबू नका. गहुंजे हे गाव मावळ तालुक्यात येतं. आपल्या इथून निघालात की खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड असं सगळं मागे टाकायचं, मग ते लागतं. कॉमन रूममध्ये टीव्हीवर गहुंजेची मॅच चालू असली आणि कॉमेंटेटरने पुण्याचं नाव घेतलं, की आमच्या विंगमधला कुणीतरी हमखास ओरडतो, "पुणे काय रे, लोणावळ्याच्या अलीकडे म्हण!"

मॅचवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी मॅचला पोचण्यावर लिहिणार आहे. कारण मॅचचा स्कोअर दुसऱ्या दिवशी पेपरात येतो, पोचण्याचा कुठेच येत नाही.

गोष्ट ऑक्टोबर २०२४ ची. भारत-न्यूझीलंड दुसरी कसोटी गहुंजेला होती, गुरुवार २४ तारखेपासून. त्याच्या पंधरा दिवस आधी घरून अण्णांचा फोन. (अण्णा म्हणजे माझे वडील. इंदापूर तालुक्यात आमची थोडी ऊसशेती आहे.) नेहमीचं सगळं विचारून झालं. मेसचं जेवण कसं आहे, सबमिशन कधी आहे, पैसे आहेत का. मग जरा थांबून म्हणाले, "टेस्ट मॅच हाय म्हनं तुमच्याकडं. बघता यील का?"

अण्णा स्वतःसाठी काही मागत नाहीत. घरी नवीन चप्पल सुद्धा आईने आणून ठेवली तरच घालतात. त्यामुळे मी फोन ठेवला आणि त्याच रात्री ऑनलाइन दोन तिकिटं काढली. शनिवारची, तिसऱ्या दिवसाची. शनिवारी लेक्चर नाहीत आणि टेस्ट तीन दिवस तरी चालेल, असा साधा हिशोब होता.

आता अडचण सांगतो. अण्णांच्या उजव्या गुडघ्याचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालंय. ते चालतात, पण तीन-चारशे मीटर झाले की थांबावं लागतं. दुखतंय असं मात्र कधी म्हणणार नाहीत. रस्त्याकडेचं एखादं झाड बघतात आणि विचारतात, "ही जांभूळ किती वर्साची आसंल रं?" मग आपण पण त्या जांभळीकडे दोन मिनिटं बघायचं. घरात सगळ्यांना हे माहीत आहे, त्यामुळे आमच्या घरात झाडांबद्दल बोलणं फार होतं.

शुक्रवारी संध्याकाळी ते एसटीने स्वारगेटला उतरले. त्या दिवशी मैदानावर आपला डाव १५६ वर आटोपला होता. सॅन्टनरने एकट्याने सात विकेट काढल्या आणि दिवसाअखेर न्यूझीलंडची आघाडी ३०१ झाली होती. मेसमध्ये दुपारीच एकाने मला विचारलं होतं, "उद्या काय तेराव्याला चाललाय का?" अण्णांना स्कोअर सांगितला. ते म्हणाले, "हरू दे. बघायची हाय."

स्वारगेटची भुयारी मेट्रो सुरू होऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. मला ती त्यांना दाखवायची होती. पण ते म्हणाले, "थांब, आधी इकडं चल." आणि स्टँडमधून बाहेर पडून रस्ता ओलांडून मला घेऊन गेले ते थेट नेहरू स्टेडियमकडे. वाटेत एकच झाड लागलं. म्हणजे अंतर किती ते बघा!

"हितं मी केनियाची मॅच बघितल्याली," अण्णा म्हणाले.

ही गोष्ट मला घरी अर्धवट माहीत होती, पण त्या जागेवर उभं राहून पहिल्यांदाच पुरती ऐकली. १९९६ चा वर्ल्ड कप. तारीख २९ फेब्रुवारी, त्यामुळे तिचा वाढदिवस चार वर्षांनी एकदाच येतो. अण्णा तेव्हा बावीस वर्षांचे. विहिरीवरची मोटर जळाली होती, तिचा एक पार्ट आणायला आजोबांनी त्यांना पुण्याला पाठवलं होतं. स्वारगेटला उतरले तर ही गर्दी. कसली म्हणून विचारलं तर मॅच. वेस्ट इंडिज आणि केनिया. केनिया कोण हे माहीत नव्हतं, पण लारा माहीत होता. खिडकीवर तिकीट मिळत होतं. अण्णा आत शिरले.

केनियाने आधी बॅटिंग केली आणि सगळे मिळून १६६ केले. त्यातल्या ३७ तर एक्स्ट्रा. अण्णांना वाटलं, लारा आता एकटाच मारून मोकळा होईल आणि आपण संध्याकाळच्या आत पार्ट घेऊन गाडी पकडू. लारा आला, ८ करून विकेटकीपरच्या हातात कॅच देऊन गेला. वेस्ट इंडिज ९३ ऑल आउट! वर्ल्ड कपच्या इतिहासातला एवढा मोठा धक्का, आणि आमचे अण्णा तो बघायला हजर, ते सुद्धा मोटरच्या पार्टमुळे. दुकानं बंद व्हायच्या आत तो पार्ट त्यांनी कसा मिळवला आणि रात्री घरी गेल्यावर आजोबा काय बोलले, हे मासिकात छापण्यासारखं नाही.

रात्री रेक्टर सरांनी गेस्ट रजिस्टरवर सही केली (सर, आभार. आणि त्यांनी "किती रात्री?" एवढंच विचारलं, हेही नमूद करतो). मग आमच्या रूममध्ये परिषद भरली. विषय: उद्या जायचं कसं? गहुंजेला जायचे मार्ग चार आणि प्रत्येक मार्गाचा एक तज्ज्ञ विंगमध्ये असतोच.

पहिला मार्ग बाईक. हॉस्टेलचा लाडका. पण द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे जुन्या हायवेने जायचं, लांबच्या पार्किंगला गाडी लावायची आणि पुढे पायी. शिवाय हेल्मेट आत नेऊ देत नाहीत. म्हणजे रस्त्यावर हेल्मेट नसेल तर दंड आणि गेटवर असेल तर पंचाईत.

दुसरा मार्ग मॅचच्या दिवशीच्या खास बसचा. बस चांगली, पण ती सुद्धा त्याच ट्रॅफिकमध्ये उभी राहते.

तिसरा मार्ग कॅब. जाताना मिळते. येताना चाळीस हजार माणसं एकाच वेळी मोबाईल काढतात. पुढचं सांगायला नको.

चौथा मार्ग लोकल. पुणे-लोणावळा लोकलने देहूरोडला उतरायचं आणि तिथून चार-पाच किलोमीटर रिक्षाने. लोकल ट्रॅफिकमध्ये अडकत नाही आणि अण्णांना बसायला जागा मिळेल. परिषदेने लोकल मंजूर केली.

सकाळी सात वाजता निघालो. शिवाजीनगरला लोकल वेळेवर आली, खिडकी मिळाली. डब्यात निळे जर्सीवाले पंधरा-वीस जण होते. त्यांच्यातल्या दोघांनी गालावर तिरंगा रंगवला होता. अण्णांनी विचारलं, "ह्ये घामानं जात न्हाय का?" तो म्हणाला, "काका, दुपारपर्यंत टिकतं. तोपर्यंत आपली बॅटिंग टिकली म्हणजे झालं."

देहूरोडला उतरलो. शेअर रिक्षा लगेच मिळाली. इथपर्यंत शंभरपैकी शंभर मार्क. आणि मग रिक्षा थांबली. पुढे बॅरिकेड. गाड्या आत सोडत नव्हते, आणि ते बरोबरच होतं, नाहीतर त्या अरुंद रस्त्यावर ना माणूस हलला असता ना ॲम्ब्युलन्स. रिक्षावाले काका म्हणाले, "आता सरळ चालत राहायचं. समोर दिसतंयच की."

समोर दिसत होतंच! मोकळ्या माळावर मोठ्ठं पांढरं छत. मायकेल हॉपकिन्स या इंग्लंडच्या नामवंत आर्किटेक्टच्या फर्मने केलेलं डिझाइन, १ एप्रिल २०१२ ला उद्घाटन झालेलं. आमच्या सिव्हिलवाल्यांनी एकदा जाऊन बघावं असंच काम आहे. पण मोकळ्या जागेतली मोठी वस्तू जवळ वाटते, हे सर्वेच्या प्रॅक्टिकलला सर सांगतात ते त्या दिवशी पायांना कळलं. दीड-दोन किलोमीटर असेल.

पहिल्या तीनशे मीटरला अण्णांनी बाभळीचं वय विचारलं. पुढे एका कडुनिंबाचं. नंतर झाडच नव्हतं, तर ते एका विजेच्या खांबाजवळ थांबले आणि खांबाबद्दल काय विचारावं हे न सुचून गप्प उभे राहिले. आमच्या बाजूने माणसांचा लोंढा चालला होता. भोंगे, ढोल, "इंडियाऽऽ इंडिया". त्या लोंढ्याकडे बघताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्यात जवळजवळ सगळे आमच्याच वयाचे होते. क्रिकेट तर गावात म्हातारी माणसं पण बघतात, आमच्या पारावर साठीच्या पुढचे लोक बोलिंग चेंजवर भांडतात. ते इथे नव्हते. त्यांना नको आहे म्हणून नाही. ह्या रस्त्याने त्यांना कधीच गाळून टाकलं होतं.

सव्वानऊ झाले, साडेनऊ झाले. मॅच सुरू झाली आणि आम्ही रस्त्यावरच.

रस्त्याकडेच्या एका घराच्या ओट्यावर हेल्मेटची रांग लावलेली होती. शंभर तरी असतील, प्रत्येकावर खडूने नंबर. घरातला शाळकरी मुलगा वीस रुपयांना एक हेल्मेट सांभाळत होता. (आपल्या आंत्रप्रन्युअरशिप सेलने याला गेस्ट लेक्चरला बोलवावं.) त्याच्या आजोबांनी अण्णांचा पाय बघितला आणि काही न विचारता प्लास्टिकची खुर्ची पुढे केली. "बसा पाव्हणं. मॅच कुठं पळून चालली?"

अण्णा बसले. पाणी आलं. दोन शेतकरी एका जागी आल्यावर जे व्हायचं तेच झालं. तिकडचा भात, इकडचा ऊस, खताचे भाव. दारातून आतला टीव्ही दिसत होता. तेवढ्यात स्टेडियमकडून एकदम आरोळी उठली. आम्ही टीव्हीकडे बघितलं, तर बॉलर अजून रनअपवर! आरोळी आधी आणि विकेट मागाहून. आवाज एक किलोमीटर यायला तीन सेकंद घेतो आणि टीव्हीचं चित्र उपग्रहावरून फिरून त्याच्या नंतर येतं. फिजिक्स एवढं गोड मला एफ.ई.ला कुणी शिकवलं नव्हतं. मग आमचा खेळच झाला. आरोळी आली की आजोबा म्हणायचे, "गेला!" आणि आम्ही टीव्हीवर कोण जातोय ते बघायचो.

अर्ध्या तासाने मी हळूच म्हणालो, "अण्णा, इथेच बसून बघायची का? इथून पण मस्त आहे."

अण्णा उठले. म्हणाले, "टीव्ही घरी हाय."

चालत चालत, थांबत थांबत गेटवर पोचलो. पाण्याची बाटली बाहेर टाका, चिल्लर बाहेर, पॉवर बँक बाहेर. मग जिने. जिन्यांना झाडं नसतात, तिथे अण्णा कठड्याला धरून उभे राहायचे आणि मी तिकिटावरचा सीट नंबर पुन्हा पुन्हा वाचायचो. शेवटचा जिना चढून बोगद्यासारख्या तोंडातून बाहेर आलो आणि एकदम समोर ते हिरवंगार मैदान. अण्णा काही बोलले नाहीत. बराच वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "पिच काळ्या मातीचं हाय, पेपरात वाचलं. आपल्या रानातलीच म्हनायची की."

न्यूझीलंड २५५ वर आटोपलं. भारताला ३५९ हवे होते. जयस्वालने असा काही धडाका लावला की तासभर सगळ्यांना खरंच वाटलं, होतंय! उघड्या स्टँडमध्ये ऊन मी म्हणत होतं. अण्णांनी डोक्याला रुमाल बांधला होता आणि शेजारच्या सीटवरचे कॉम्प्युटर इंजिनिअर त्यांना विचारत होते, "काका, बॉल खाली का राहतोय?" अण्णा त्यांना काळी माती ओल कशी धरते आणि वाळल्यावर कशी भेगाळते ते समजावून सांगत होते. जयस्वाल ७७ वर गेला. मग कोहली. पंत रनआउट. २४५ ऑल आउट, ११३ रनांनी हार. २०१२ नंतर पहिल्यांदाच आपण घरच्या मैदानावर कसोटी मालिका हरलो. ओळीने १८ मालिका जिंकलो होतो, ती साखळी आमच्या डोळ्यांदेखत तुटली. केनिया काय किंवा न्यूझीलंड काय, अण्णा पुण्यात मॅच बघायला आले की मोठा संघ पडतो, असा एक सिद्धांत मी मांडून बघितला. अण्णा हसले.

परतीचं वर्णन करत नाही. सकाळी लोक तीन-चार तासांत थोडे थोडे आलेले असतात, बाहेर मात्र एकदम पडतात. अण्णांना घेऊन मी एका मोरीच्या कठड्यावर बसलो आणि गर्दी ओसरायची वाट बघत मोबाईलवर हिशोब केला. स्टेडियम पूर्ण भरलं तर साधारण चाळीस हजार माणसं. बसमध्ये पन्नास धरले तर ८०० बस. कारने आले आणि एका कारमध्ये तिघं धरले, तर तेरा हजारांवर कार. वळायच्या जागेसकट एका कारला २५ चौरस मीटर धरा, पार्किंगलाच ८० एकर लागतात! तेच लोकलने न्यायचे, तर एका बारा डब्यांच्या गाडीत दाटीवाटीने तीन हजार, म्हणजे तेरा-चौदा गाड्या. मुंबईचं वानखेडे बघा. चर्चगेट स्टेशन चालत काही मिनिटांवर आणि रूळ स्टेडियमला लागूनच. तिथे गाडी लावायला जागा नाही, पण तिची गरजही भासत नाही. २०१८ मध्ये चेन्नईच्या टीमचे आयपीएल सामने गहुंजेला हलवले, तेव्हा चाहत्यांना घेऊन चेन्नईहून पुण्यापर्यंत एक खास रेल्वेगाडी आली होती. हजार किलोमीटरच्या वर रुळांवरून आरामात. कठीण काय ते शेवटचं.

मग गहुंजेला बांधायलाच नको होतं का? तसं मी म्हणत नाही. नेहरू स्टेडियम महापालिकेचं, चारी बाजूंनी शहराने वेढलेलं. तिथे नवीन स्टेडियमला लागणारी जागा कुठून आणणार? आणि मॅचच्या दिवशी स्वारगेटचं काय होत असेल याची कल्पना केली तरी घाम फुटतो. मोकळी जमीन गावाबाहेरच मिळते. गहुंजेचं मैदान उत्तम आहे, खाली वाळूचा थर असल्यामुळे पाऊस पडला तरी पाणी लवकर निचरतं. पाण्याच्या निचऱ्याचा एवढा विचार झाला. माणसांच्या निचऱ्याचा तेवढाच झाला असता तर बरं झालं असतं, एवढंच म्हणणं.

मी हा हिशोब अण्णांना सांगितला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला. मग गुडघा चोळत म्हणाले, "केनियाची म्याच मी बघितली ती काय तिकिटाला पैसं होतं म्हनून न्हाय. वाटंत हुती म्हनून. मोटरचा पार्ट आणायला गेल्याला मानूस हितं कशाला यील?"

मला वाटतं, टाऊन प्लॅनिंगच्या पुस्तकात हे वाक्य कुठेतरी असायला हवं. वाटेत असलेलं स्टेडियम वाटेने जाणाऱ्या कुणालाही आत ओढतं. बाजाराला आलेल्याला, कोर्टाच्या तारखेला आलेल्याला. वाट सोडून बांधलेलं स्टेडियम फक्त त्यालाच मिळतं, ज्याच्याकडे गाडी आहे, अख्खा दिवस आहे आणि दोन्ही गुडघे आहेत.

अंधार पडता पडता रिक्षा मिळाली, मग लोकल. दुसऱ्या दिवशी स्वारगेटला त्यांना गाडीत बसवलं. मी म्हणालो, "अण्णा, पुढच्या मॅचचं तिकीट काढून ठेवू?" त्यांनी खिडकीतून बाहेर नेहरू स्टेडियमच्या दिशेने बघितलं आणि म्हणाले, "हितं आसली तर सांग." तिथे शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना २००५ साली झाला, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

तर सिव्हिलच्या मित्रांनो, आपल्यापैकी कुणीतरी उद्या स्टेडियम बांधणार आहे, कुणी हॉस्पिटल, कुणी स्टेशन. ड्रॉइंगवर गेट काढून झालं की एक काम करा. सगळ्यात जवळच्या बसस्टॉपपासून त्या गेटपर्यंत एकदा चालत जा. बरोबर पन्नाशीचा, एक गुडघा दुखणारा माणूस घ्या. वाटेत त्याने किती झाडांची वयं विचारली ते मोजा. तीनपेक्षा जास्त झाली तर सही करू नका.

आणि तोपर्यंत, निदान बसायला बाक आणि सावलीला झाडं तरी लावा.

— एक हॉस्टेलवासी, बी.ई. (सिव्हिल)